तबकडीवरची कुस्ती

या चित्रफितीत पडद्यावर दिसणाऱ्या दोन तबकड्यांपैकी डावीकडच्या तबकडीवर कुस्तीच्या खासबाग मैदानात ध्वनिमुद्रित केलेली हलगी आहे आणि उजवीकडच्या तबकडीवर एका जुन्या पोवाड्यात शाहिरामागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचा ‘जी जी रं जी’ एवढाच तुकडा आहे. या दोन आवाजांतून कोल्हापूरचा हा तरुण वादक एका कुस्तीची गोष्ट सांगतो.

तबकडी हाताने मागेपुढे फिरवून तिच्यातून नवा नाद काढण्याची ही रीत, म्हणजे स्क्रॅचिंग, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७०च्या दशकात रुजली आणि तिचे श्रेय ग्रँड विझर्ड थिओडोर या तेव्हा किशोरवयीन असलेल्या वादकाला दिले जाते. पुढे मॉन्ट्रियलच्या किड कोआला या वादकाने तुतारीसारख्या वाजणाऱ्या ट्रम्पेटचा एकेक स्वर बोटांनी वाकवून त्यातून झिंगलेल्या माणसासारखे अडखळणारे वादन उभे केले. आमच्या मते या कलेचे खरे सामर्थ्य तिथे आहे, हाताच्या निव्वळ वेगात नाही.

हे घडते कसे, ते नीट पाहण्यासारखे आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या तबकडी वाजवणाऱ्या यंत्रात मोटर पट्ट्याच्या मदतीशिवाय तबकडीखालच्या चकतीला थेट फिरवते. चकती आणि तबकडी यांच्यामध्ये नमद्याचे गुळगुळीत कापड असल्यामुळे तबकडी बोटांनी धरली तरी खालची चकती फिरतच राहते आणि बोटे उचलताच तबकडी पुन्हा वेग घेते. दुसरा हात दोन्ही तबकड्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या सरकत्या दांडीवर असतो. आवाज कुठे ऐकू यावा आणि कुठे तुटावा, हे तो हात ठरवतो. तबकडी सावकाश ओढली की आवाज खर्जात उतरतो, झटक्याने ढकलली की बारीक होऊन वर चढतो. त्यामुळे झीलकऱ्यांचे तेच चार शब्द कधी आव्हान होतात, कधी कण्हणे, तर कधी प्रेक्षकांचा गलका.

‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ साली ज्या शहरात तयार झाला, त्या कोल्हापूरच्या जुन्या घरांत लाखेच्या रेकॉर्डी अजूनही जपून ठेवलेल्या सापडतात. त्या मात्र या यंत्रावर थेट घासता येत नाहीत, कारण त्या ठिसूळ असतात, त्यांची खाच रुंद असते आणि त्या मिनिटाला ७८ फेरे घेतात. म्हणून हा वादक योग्य सुईने त्यांचा आवाज आधी संगणकात उतरवून घेतो आणि मग सांकेतिक ध्वनी कोरलेल्या खास तबकडीच्या आधाराने तो हाताळतो. मूळ रेकॉर्डीवर ओरखडाही येत नाही, याचे आम्हांला विशेष मोल वाटते.

आता कुस्ती. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात मल्लांची जोड लागते, तशी डावीकडून हलगी सुटी सुटी वाजू लागते. मल्ल एकमेकांचा अंदाज घेत फिरतात, तेव्हा वादक हलगीचा एकच ठोका अर्धवट ओढून सोडून देतो. पकड बसेल असे वाटते आणि ती सुटते. मग उजवीकडून ‘जी’ हे एकच अक्षर ताणले जाते, जणू कोणी मानेवर भार टाकला आहे. ढाक हा डाव लागतो त्या क्षणी दोन्ही तबकड्या एकदम उलट ओढल्या जातात, आवाज मध्येच तुटतो आणि पाठोपाठ सगळे झीलकरी पूर्ण वेगाने गर्जतात.

हे वादन पहिल्यांदा ऐकल्यावर एका तालमीतील वस्तादांनी त्याला सांगितले होते, “डाव झकास लागलाय बाळा, पण खडाखडी फार लवकर संपवलीस. मल्ल ओळखायचा असेल तर तिथंच ओळखावा लागतो.” खडाखडी म्हणजे डाव टाकण्याआधी मल्लांनी एकमेकांचा घेतलेला अंदाज. त्या सूचनेनंतर त्याने शेवटची गर्जना आखूड केली आणि सुरुवातीचे चाचपणे वाढवले. आज खडाखडी हाच त्याच्या वादनाचा सर्वांत मोठा भाग आहे आणि या चित्रफितीत आम्ही तो कुठेही न कापता दाखवत आहोत.