एक कंस कमी पडला

[दृश्य: मक्याची शेतं. कॅम्पसच्या मधून जाणारी मालगाडी.]

अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं ग्रिनेल. चहूकडे मका आणि मध्ये साधारण १,७०० विद्यार्थ्यांचं, १८४६ सालचं कॉलेज. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस इथलेच, १९४९ चे पदवीधर.

[दृश्य: फळ्यावर चौकोन आणि बाण.]

आपल्याकडे संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाकडून येतो. इथे कम्प्युटर सायन्स विभागातली मोजकी माणसं टेबलाभोवती बसून तो ठरवतात, आणि खरं भांडण असतं ते काय गाळायचं यावर. पदवीला १२४ क्रेडिट लागतात. विद्यार्थ्याने त्यात इतिहासही शिकावा, संगीतही. एसीएम आणि आयईईई या व्यावसायिक संघटनांच्या २०१३ च्या शिफारशींत मात्र कम्प्युटर सायन्सचा नुसता गाभाच शिकवण्याच्या ३०८ तासांचा! हे दुखणं जुनंच. छोट्या कॉलेजांना पेलेल असा आराखडा नॉर्मन गिब्ज आणि ॲलन टकर यांनी १९८६ मध्येच मांडला होता.

शिक्षक कमी, म्हणून वरचे काही विषय वर्षाआड. त्यात 'आधी हा, मग तो' अशी साखळी लांबली, की एक सेमिस्टर परदेशी जाऊन आलेल्या मुलाची गाडी चुकलीच. म्हणून साखळी आखूड ठेवायची. बोलायला सोपं आहे. आपला लाडका विषय ऐच्छिक करायला कोण प्राध्यापक खुशीने तयार होतो?

[दृश्य: प्रयोगशाळा. एका कम्प्युटरपुढे दोघं.]

सगळ्यात जास्त विचार पहिल्या कोर्सचा. ग्रिनेलने त्यासाठी बरीच वर्षं स्कीम ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरली. नोकरीच्या जाहिरातीत ती शोधून सापडायची नाही. पण शाळेत प्रोग्रॅमिंग करून आलेल्यालाही ती सहसा नवीन, म्हणजे पहिल्या दिवशी सगळे जवळपास सारख्याच पाण्यात. सी आणि जावा पुढच्या दोन कोर्सांत.

तासाला व्याख्यान थोडं, जोडीने काम जास्त. स्कीममध्ये कंसांचा नुसता बुजबुजाट. प्रोग्रॅम चालत नाही. कीबोर्डवरचा मुलगा वरपासून पुन्हा वाचतो. शेजारची मुलगी पडद्यावर बोट ठेवून कंस मोजते: उघडे सात, मिटलेले सहा.

एक कंस पडतो. चाललं.

मग खुर्च्या बदलतात. आता कीबोर्ड तिच्याकडे.