शर्यतीनेच ठरवावं

तोक्योतलं मेइजी जिंगू गाइएन. जिन्कगोच्या उंच झाडांची रांग आणि तिच्याजवळून फिरणारा हा रस्ता. एक फेरी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त. तोशिहिको सेको यांचं तारुण्य याच फेऱ्यांत गेलं.

मिए प्रांतातल्या कुवानाचा हा मुलगा शाळेत ८०० आणि १५०० मीटर जिंकायचा. १९७६ मध्ये तो वासेदा विद्यापीठात आला आणि प्रशिक्षक कियोशी नाकामुरा यांनी त्याला मॅरेथॉनकडे वळवलं. नाकामुरा स्वतः १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये धावलेले. त्यांचा शब्द शेवटचा.

आता सेकोंची धाव पाहा. पुढच्या धावपटूच्या पाठीला चिकटून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. आणि अगदी शेवटी १५०० मीटरवाल्याचा तो वेग! १९७८, ७९, ८०. फुकुओका मॅरेथॉन सलग तीनदा जिंकली. जपानने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, सेको घरीच राहिले. त्याच डिसेंबरमध्ये फुकुओकात मॉस्कोचा सुवर्णविजेता चेरपिन्स्की त्यांच्या मागे राहिला. पुढे बॉस्टन दोनदा, लंडन, शिकागो. ऑलिंपिक पदक मात्र नाही.

आता डिसेंबर १९८७. फुकुओकात गारठवणारा पाऊस, आणि त्यात ताकेयुकी नाकायामा एकटेच पुढे. २ तास ८ मिनिटं १८ सेकंद. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा जपानी संघ याच शर्यतीतून ठरणार, असं सगळे धरून चालले होते. सेको दुखापतीमुळे उतरलेच नव्हते. तरी त्यांच्यासाठी दार उघडं राहिलं. मार्चमध्ये त्यांनी बिवा सरोवराची मॅरेथॉन जिंकली आणि संघात आले. यात सेकोंचा दोष नाही, पण भर पावसात जिवाच्या आकांताने धावलेल्यांना काय वाटलं असेल? धावपटूला नियम आधी कळायला हवा आणि तो शेवटपर्यंत तोच राहायला हवा. सोलमध्ये नाकायामा चौथे, सेको नववे. त्याच वर्षी सेको निवृत्त झाले आणि प्रशिक्षक बनले.

२०१६ मध्ये जपानी ॲथलेटिक्स महासंघाने मॅरेथॉनची धुरा त्यांच्याकडे सोपवली. त्यांच्या कारकिर्दीत नवी पद्धत आली, मॅरेथॉन ग्रँड चॅम्पियनशिप. ठरलेल्या शर्यतींत पात्र व्हा, मग एकाच दिवशी समोरासमोर धावा. पहिले दोघे थेट ऑलिंपिकला. तिसऱ्या जागेची अटही आधीच जाहीर.

१५ सप्टेंबर २०१९. सुरुवात इथेच, जिंगू गाइएनला. युता शितारा पहिल्यापासून एकटेच सुसाट सुटतात आणि उन्हात ढेपाळतात. शेवटच्या टप्प्यात तिघे उरतात: शोगो नाकामुरा, युमा हात्तोरी, सुगुरू ओसाको. ओसाको तेव्हाचे राष्ट्रीय विक्रमवीर. ते मागे वळून पाहतात. हात्तोरी पुढे निघून गेलेले. पाच सेकंदांनी थेट जागा हुकली, आणि निवड समितीला त्यात बोलायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये ओसाकोंनी तोक्यो मॅरेथॉनमध्ये स्वतःचा विक्रम मोडून तिसरी जागा मिळवली. तोक्यो ऑलिंपिकची मॅरेथॉन साप्पोरोत झाली, तिथे ते सहावे आले. पॅरिस ऑलिंपिकचा संघही याच पद्धतीने निवडला गेला.