पन्नास लाख आले कुठून?

नमस्कार श्रोतेहो. नवा पैसा कुठे तयार होतो, असं विचारलं की आपलं बोट नाशिकरोडकडे जातं. तिथल्या छापखान्यात नोटा छापतात, हे खरंच. पण एकूण पैशात नोटा-नाण्यांचा वाटा थोडा. बाकीचा पैसा म्हणजे बँकांमधल्या ठेवी, खात्यावरचे नुसते आकडे. हे आकडे वाढतात कसे?

समजा, वाघोलीत फ्लॅट घ्यायला एका जोडप्याला बँकेनं पन्नास लाखांचं कर्ज मंजूर केलं. आपली समजूत अशी, की सदाशिव पेठेतल्या कुणा आजोबांची मुदत ठेव बँकेनं उचलून यांना दिली. पण आजोबांच्या खात्यातला रुपयाही हललेला नसतो. पावती तशीच, व्याजही चालू. बँक फक्त दोन नोंदी करते: जोडप्याच्या नावे पन्नास लाख कर्ज, बिल्डरच्या खात्यात पन्नास लाख जमा. हे जमा झालेले पैसे काल कुणाकडेच नव्हते! बँक ऑफ इंग्लंडनं, म्हणजे ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेनं, २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे स्पष्ट लिहिलं. आपल्याकडच्या अनेक पाठ्यपुस्तकांत मात्र आधी ठेव आणि मग कर्ज, हाच क्रम शिकवतात.

मग बँक हवा तेवढा पैसा निर्माण करील का? नाही. बिल्डरचं खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर पहिल्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या शिलकीतून ती रक्कम चुकती करावी लागते. दुसरीकडून ठेव आली की ही शिल्लक भरते; ठेवी मिळवायला बँका एवढ्या का धडपडतात, त्याचं एक मोठं कारण हे. शिवाय दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या प्रमाणात स्वतःचं, म्हणजे भागधारकांचं, भांडवल राखावं लागतं, आपल्याकडे किमान ९ टक्के. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजानं पैसे देते तो दर, वाढवला की कर्ज महागतं, मागणारेच कमी होतात. आणि हो, कर्ज फेडू शकेल असं गिऱ्हाईक दारात यायला हवं, ते वेगळंच.

जोडपं दरमहा हप्ता भरतं, तेव्हा उलटं घडतं. मुद्दलाचा भाग त्यांच्या खात्यातून वजा होतो, कर्जातूनही वजा होतो, आणि तेवढा पैसा नाहीसा होतो. कुणाच्याच खिशात जात नाही. व्याज मात्र बँकेचं उत्पन्न. त्यातून पगार, भाडी दिली की ते पुन्हा फिरू लागतं.

मला यात खरा प्रश्न वेगळा वाटतो. नवा पैसा आधी कुणाच्या हाती पडतो? चाकणच्या लघुउद्योजकानं कर्ज काढून यंत्र घेतलं, तर पैशाबरोबर मालही वाढतो. कोथरूडमधला जुनाच फ्लॅट कर्जावर पुन्हा विकला गेला, तर घर एकही वाढत नाही, वाढतो तो बहुधा भाव. बँकेला मात्र फ्लॅटच सोयीचा. तारण पक्कं असतं, आणि नियमांप्रमाणे गृहकर्जामागे भांडवलही कमी ठेवावं लागतं.