पाकिटाची मागची बाजू

या पाकिटावर तीन तरुणींची रंगीत चित्रे आहेत. कंबर नेमकी, खांदे ताठ, झगा गुडघ्याच्या किंचित खाली थांबलेला. अमेरिकेत १९४० च्या दशकात काही सेंटांना विकल्या गेलेल्या अशा पाकिटांत झगा बेतण्यासाठी पातळ कागदाचे कापलेले तुकडे, म्हणजे पॅटर्न, असतात. आपल्याकडे शिवणवर्गात ज्याला पेपर कटिंग म्हणतात, तेच हे, कारखान्यात तयार होऊन वेगवेगळ्या मापांत विकले गेलेले. संग्राहक पुढच्या चित्रासाठी पाकीट विकत घेतात. ज्यांना आतला झगा खरोखर शिवायचा असतो, ते मात्र पाकीट आधी उलटे करतात, कारण कापड कोणते घ्यावे, त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, किती असावा आणि ते किती वार लागेल, हे सारे मागच्या बाजूला बारीक टायपात छापलेले असते. अडचण अशी, की कागद टिकला, पण त्यावर सुचवलेली काही कापडे आता त्या रूपात विणलीच जात नाहीत.

मापानुसार लहानमोठे केलेले पॅटर्न विकण्याचा धंदा मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावी १८६३ साली एबेनेझर बटरिक या शिंप्याने सुरू केला. त्याची पत्नी एलेन मुलासाठी गिंगहॅम या चौकडीच्या सुती कापडाचा झगा बेतत होती आणि एकाच मापाचे पॅटर्न मिळतात म्हणून कुरकुरत होती, अशी त्याची जन्मकथा सांगतात. जाड कागद घडी घालून टपालाने पाठवणे गैरसोयीचे ठरले, तेव्हा टिश्यू कागद आला. १८७० मध्ये मॅक्कॉल आणि १९२७ मध्ये सिम्प्लिसिटी या कंपन्या या धंद्यात उतरल्या.

कित्येक दशके या कागदांवर एक अक्षरही छापलेले नसे. असत ती छिद्रे आणि कडेच्या खाचा. काही छिद्रे कापडाचा उभा धागा कोठून जावा हे दाखवत, काही टक्स कोठे घ्यायचे ते दाखवत, आणि खाचांवरून कोणता तुकडा कशाला जोडायचा ते कळे. मॅक्कॉलने १९२० च्या सुमारास छापील पॅटर्न आणले, पण व्होगचे पॅटर्न १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कोरेच राहिले. शिवणारी बाई जाणकार आहे, असे त्यांनी गृहीतच धरले होते. उभ्या धाग्याची खूण चुकली, तर कितीही भारी कापड आणा, झगा अंगावर पिळवटूनच बसतो.

कापडांच्या यादीतली काही नावे आपल्याला घरची वाटतील. सीअरसकर हा शब्द फारसी ‘शीर-ओ-शकर’, म्हणजे दूध आणि साखर, यावरून आला, कारण त्याचा एक पट्टा गुळगुळीत आणि दुसरा चुरगळल्यासारखा खरखरीत असतो. चिंट्झ म्हणजे आपली चीट, तर डंगरी हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलेले. ही कापडे आजही मिळतात. खरा शोध सुरू होतो तो रेयॉन क्रेपपाशी.

१९३० आणि १९४० च्या दशकांतल्या पाकिटांवर हे नाव पुन्हा पुन्हा येते. लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या अखंड तंतूंना भरपूर पीळ देऊन हे कापड विणले जाई, त्यामुळे त्याच्यावर बारीक कणीदार पोत उमटे, आणि ते वजनदार असूनही मऊ पडत असे. आज व्हिस्कोज म्हणून दुकानात जे मिळते, ते बहुतेक वेळा आखूड तंतूंच्या सुताचे आणि हलके असते. छातीवर घेतलेल्या चुण्या त्यात भरीव दिसत नाहीत, आणि झगा वजनाने खाली ओढला जात नाही. पॉलिएस्टरचा क्रेप दिसायला जवळचा आहे, पण इस्त्रीला दाद देत नाही. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या जागेपेक्षा, थोडा मोठा बेतून तो वाफेने आटवत बसवायचा, ही जुन्या शिवणातली पद्धत लोकरीच्या कापडावर सहज जमते. पॉलिएस्टरवर तिथे चुण्याच पडतात. माझ्या मते या पॅटर्नसाठी जड रेशमी क्रेप किंवा पातळ लोकरी क्रेप हाच प्रामाणिक पर्याय आहे, खिशाला तो परवडला तर.

वारांच्या आकड्यावरूनही काळ ओळखता येतो. महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले, आणि अमेरिकेत १९४२ च्या एल-८५ या आदेशाने झग्यांचा घेर आणि लांबी आखून दिली. त्या वर्षांतल्या पॅटर्नमध्येही ती काटकसर उतरली. पुढे फेब्रुवारी १९४७ मध्ये क्रिश्चन दिओर या फॅशनकाराने पॅरिसमध्ये भरघोस घेराचे झगे दाखवले, आणि पाकिटांवरचे आकडे वाढू लागले. या घेराला मऊ क्रेप घेतला तर तो लोंबतो. त्याला टाफेटासारखे ताठ कापड किंवा कडक पॉपलिनच हवे.

आता पन्हा. त्या काळी सुती कापड साधारण ३५ ते ३६ इंच, रेयॉन आणि रेशीम ३९ इंच, आणि लोकरी कापड ५४ इंच पन्ह्याचे असे. आजच्या दुकानांत ४४ किंवा ५८ इंची पन्हा सर्रास मिळतो, तर आपल्याकडे ३६ इंची खादी अजूनही हाती लागते. चार वार ३६ इंची कापडाचे क्षेत्रफळ म्हणजे ४५ इंची कापडाचे साधारण सव्वातीन वार, हा हिशेब सोपा आहे, पण तो कागदावरच खरा ठरतो. मोठ्या घेराचा तुकडा पन्ह्यात आडवा मावला तरच बचत होते. मखमल असेल किंवा नक्षी एकाच दिशेने उभी असेल, तर सगळे तुकडे एकाच दिशेने मांडावे लागतात आणि बचत उडून जाते. उलट, जुन्या अरुंद पन्ह्यात न मावणाऱ्या घेराला कोपऱ्यात ठिगळासारखा जोड द्यावा लागे, तो आज लागत नाही.

उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरक्या, कापाच्या झग्यांना तर पन्हा आणखी लागतो. हा काप प्रसिद्धीला आणणारी पॅरिसची फॅशनकार मादलेन व्हिओने आपल्यासाठी नेहमीपेक्षा रुंद क्रेप विणून घेत असे. घरी शिवणाऱ्याला ती सोय नाही. उरेब तुकडे कापल्यावर ते रात्रभर टांगून ठेवावेत, कारण त्या दिशेने कापड खाली उतरते, आणि खालची कड त्यानंतरच सारखी करता येते.

म्हणून महागाचे कापड कापण्याआधी तोच पॅटर्न मांजरपाटावर बेतून पाहतात. मापेही तिथेच तपासली जातात, कारण १९४० च्या दशकातल्या १४ नंबरच्या पाकिटात छाती ३२ इंच धरलेली असते आणि १९६८ नंतरच्या १४ नंबरमध्ये ३६. मांजरपाट ताठ असतो, त्यामुळे क्रेप कसा पडेल हे त्यावरून कळत नाही. ते पाहायला दुकानातच ठाणाचे टोक हातावर टाकून, उंच धरून, चुणी मुठीत दाबून सोडावी लागते. पसंत पडले की कापड घरी आणून आधी पाण्यात घालायचे. क्रेप पाण्यात आटतो, आणि सुकल्यावर पन्हा पुन्हा एकदा मोजावा लागतो.