कराडचा निकाल फिरला असता तर

श्रोतेहो, नमस्कार.

1957 च्या निवडणुकीत कराडमधून यशवंतराव चव्हाण हरले असते तर? हा प्रश्न हवेतला नाही. मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री त्या वर्षी आपल्याच गावातून अगदी थोड्या मतांनी वाचला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत माणसं गोळ्या खाऊन पडली होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीत मत टाकायला आपल्याकडच्या कितीतरी घरांचा हात धजत नव्हता. साताऱ्याच्या लोकसभेच्या जागेवर तर क्रांतिसिंह नाना पाटील निवडून गेले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस कोसळली. सरकार तरलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर.

हरल्यावर मुख्यमंत्रिपद जातंच असं नाही. 1952 मध्ये मोरारजी देसाई 19 मतांनी पडले, तरी मुंबईचे मुख्यमंत्री झाले. पण त्यांच्या दारात असं आंदोलन उभं नव्हतं. कराडनंच नाकारलेल्या मराठी माणसाचं गुजरातच्या आमदारांनी किती दिवस ऐकलं असतं? माझ्या मते फार दिवस नाही.

मग त्याच वर्षीचा 30 नोव्हेंबर आठवा. प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू येणार होते. मराठी राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळ्या निशाणांची हाक दिली. वाई आणि पसरणीचा घाट माणसांनी भरून गेला. एका अंगाला दरी, वळणावळणाचा रस्ता, आणि त्यावरून पंतप्रधानांची गाडी जायची होती. एका घाबरलेल्या अधिकाऱ्याचा एक हुकूम, एवढंच पुरलं असतं. यशवंतरावांनी पोलिसांना आवर घातला. समितीच्या पुढाऱ्यांनी लोकांना आवर घातला, आणि हे श्रेय त्यांना मोकळ्या मनानं द्यायला हवं. निदर्शनं झाली, घोषणा झाल्या, पण घाटात रक्त सांडलं नाही. दिल्लीत जे कागदावर पोचत होतं, ते नेहरूंनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

तिथं दुसरा मुख्यमंत्री असता, ज्याला या माणसांची नावं-गावं ठाऊक नाहीत, लोकांचा राग म्हणजे बंड असं ज्याला वाटतं, तर? घाटात गोळीबार झाला असता, तर 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आला असता असं मला वाटत नाही. महाराष्ट्र झाला असताच. पण उशिरा, आणि गुजरातशी कायमचं वैर धरून. जिल्हा परिषदा, गरिबांच्या मुलांना फी माफी, हे सगळं त्यापुढची गोष्ट. आणि 1962 च्या नोव्हेंबरात, चीननं तडाखा दिल्यावर, नेहरूंनी संरक्षणमंत्रिपदासाठी साताऱ्याकडे, म्हणजे यशवंतरावांकडे, पाहिलंच नसतं.

तरीही एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. यशवंतरावांच्या विरोधात पडलेली कराडची मतं वाया गेली नाहीत. उलट ती नसती, ते हजारोंच्या फरकानं सहज निवडून आले असते, तर दिल्लीनं म्हटलं असतं, "मराठी माणूस द्विभाषिकावर खूश आहे." ज्यांनी त्यांना निवडलं त्यांनी बोलणारा माणूस दिला. ज्यांनी विरोध केला त्यांनी त्याच्या बोलण्यात वजन घातलं. आपल्या जिल्ह्यात या दोन्ही बाजूंची घरं एकाच गल्लीत नांदत होती, एकमेकांच्या लग्नांना जात होती, आणि दोघांचंही प्रेम मराठी राज्यावरच होतं.

त्या वेळी मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळे. म्हणजे तेव्हा मत दिलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. कराड, पाटण, वाळव्याकडे तुमच्या घरात असे कुणी आजी-आजोबा असतील, तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा. कुठल्या पेटीत मत टाकलं, का टाकलं, घरात त्यावरून भांडण झालं का, ते विचारा. त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. नमस्कार.