दोऱ्याने बांधलेल्या शेंगा

(पडद्यावर: राजारामपुरीतली गच्ची, सकाळ. कुंडीत फुगीर बुडाचं, बुटकं झाड. फांदीच्या टोकाला शिंगांसारखं काहीतरी.)

शिंगं नव्हेत, शेंगा आहेत. अ‍ॅडेनियमला फळ धरतं ते असं, एका फुलामागे दोन शेंगा, खिल्लारी बैलाच्या शिंगांसारख्या बाहेर वळलेल्या. यंदा आमच्या झाडाला एकच जोडी लागली. गेले दोन महिने मी तिची राखण करतोय.

हे झाड इथलं नाही. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातलं. पण कूळ ओळखीचं, कण्हेर, चाफा, सदाफुली यांचं. म्हणूनच चीक विषारी. आफ्रिकेत त्याचा उपयोग बाणाच्या टोकाला लावायला होत असे. छाटणी झाली की हात धुवायचे, एवढं पाळलं की पुरे.

(जवळून: दोन्ही शेंगांना गुंडाळलेला पांढरा दोरा.)

परवा आई वर आली आणि बघत उभी राहिली. ‘शेंगंला दोरा का बांधालाईस रं? दृष्ट लागंल म्हणून?’

दृष्टीचं नाही, वाऱ्याचं भय. शेंग वाळली की एका बाजूने उकलते आणि आतलं बी उडून जातं. गेल्या वर्षी मी दुपारी जेवायला खाली गेलो, तासाभराने वर आलो, तर फांदीवर नुसतं टरफल. दोन-चार बिया पाण्याच्या टाकीखाली सापडल्या, बाकीच्या कुठल्या गल्लीत उतरल्या कोणास ठाऊक.

(दोरा सुटतो. शेंग उघडते.)

हे बघा. तांबूस, बारीक नळीसारखी बी, जेमतेम सेंटीमीटरभर. दोन्ही टोकांना रेशमी केसांचा झुबका. रुईच्या म्हातारीला एकाच टोकाला झुबका असतो, हिला दोन्हीकडे. त्यामुळे ती वाऱ्यावर चाकासारखी गरगरत जाते. मी झुबके चिमटीने काढून टाकतो.

बी ताजं असताना पेरलेलं बरं. माझं मिश्रण साधं आहे: वीटभट्टीवरून आणलेला विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं कोकोपीट. शेणखत अगदी नावाला. बी आडवं ठेवायचं, वर जेमतेम झाकेल एवढाच थर. मे महिन्याच्या उकाड्यात चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतात. आणि येतात तेच गुटगुटीत! दोन जाड पानं, खाली आत्ताच फुगू लागलेलं खोड. झाडाचं ते प्रसिद्ध गोलमटोल बूड इथूनच घडायला लागतं. फांदी लावून केलेल्या रोपाला सहसा ते तसं येत नाही. बी पेरण्याचा खटाटोप आम्ही करतो तो त्या बुडासाठी.

पहिल्या वर्षी मात्र मी पेरलं जूनमध्ये. कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की गच्ची आठ-आठ दिवस वाळत नाही. चाळीसपैकी अकरा रोपं राहिली, बाकीची मुळाशी मऊ पडली. आता पेरणी मे संपायच्या आत, आणि पावसाळाभर ट्रे पारदर्शक पत्र्याखाली.

(पडद्यावर: गुलाबी फुलांनी लगडलेलं मोठं झाड. शेजारच्या बाल्कनीत गडद लाल.)

नर्सरीत भरगच्च पाकळ्यांची, हव्या त्या रंगाची रोपं मिळतात ती कलमं असतात. कलम म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. बियांचं तसं नाही. या झाडाला स्वतःच्याच परागाने सहसा फळ धरत नाही, पराग दुसऱ्या झाडाचा लागतो. शिवाय परागकोश एकमेकांना चिकटून शंकूसारखी टोपी करतात, पराग त्या टोपीच्या आत. एखादा किडा नेमका तिथे घुसला तरच काम होतं. आमच्या फुलाकडे तो कुठून आला? शेजारच्या लालवरून, असा माझा अंदाज. पुरावा काही नाही.

म्हणून रोपाला पहिली कळी येईपर्यंत रंग सांगता येत नाही. वर्ष जातं, कधी दोन. ‘एवढं थांबण्यापेक्षा कलम घ्या,’ असं नर्सरीवाला म्हणतो आणि त्याचं बरोबरच आहे. मी कलमं घेतोही. पण सकाळी उठून आधी कुठली कुंडी बघायला जातो, ते विचारू नका.

(जवळून: त्या अकरातलं एक रोप. टोकाला मुगाएवढी कळी.)

ही परवा दिसली. आई म्हणते पांढरं फूल येणार, मी म्हणतो लाल. हरेल त्याने सगळ्यांना कटवडा खिलवायचा. कळीचं टोक अजून हिरवंच आहे.