नजर पावलावरच राहू दे

नमस्कार, श्रोतेहो. पावलाच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला आतली हाडं दाखवणाऱ्या मिक्स्ड रिॲलिटीच्या चष्म्याबद्दल आज बोलणार आहे.

बसल्या जागी जरा हात घोट्याकडे न्या. घोट्याच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या एक आडवं बोट खाली दाबून पाहा. तिथे एक बारीकसा कठीण कंगोरा बोटाला लागेल. तो टाचेच्या हाडाला आतल्या बाजूने फुटलेला छज्जा आहे. उंचावरून पडून माणूस टाचांवर आदळतो तेव्हा टाचेचं हाड चिरडतं, बाकीचे तुकडे इकडेतिकडे सरकतात. पण हा छज्जा वरच्या हाडाला पक्क्या बंधांनी बांधलेला असल्यामुळे सहसा जागचा हलत नाही. तुटलेली टाच पुन्हा उभी करताना आम्ही हाडांचे सर्जन त्याचाच आधार घेतो.

अडचण अशी, की चीर बहुतेक वेळा पावलाच्या बाहेरच्या बाजूला दिलेली असते आणि छज्जा असतो आतल्या बाजूला. स्क्रू या अंगाने घालायचा आणि त्याचं टोक पलीकडच्या, न दिसणाऱ्या पेराएवढ्या जागेत नेमकं पोचवायचं. वर चुकलं तर ते सांध्यात घुसतं. खाली चुकलं तर अंगठा वाकवणाऱ्या कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला टोचतं, आणि तिच्या शेजारूनच तळव्याकडे जाणारी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात.

हे आज कसं साधतो? आधी एक बारीक तार घालतो. मग सी-आर्म, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलाशी आणता येणारं एक्स-रे यंत्र, त्याने एक चित्र घेतो. मान वर करून पडद्याकडे बघतो. तार थोडी खाली गेलेली दिसते. पुन्हा पावलाकडे वळतो, तार काढतो, कोन बदलतो, पुन्हा घालतो, पुन्हा चित्र. मग पाऊल फिरवून दुसऱ्या बाजूने चित्र. पाऊल टेबलावर आणि त्याचं चित्र दोन हात लांबच्या पडद्यावर. या दोहोंची सांगड घालायची ती मनातल्या मनात. त्यात अंगावर शिशाचा ॲप्रन, आणि मांडीला बांधलेला रक्त थांबवणारा पट्टा साधारण दोन तासांच्या आत सोडायचा असल्यामुळे घड्याळाकडेही लक्ष.

विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले आणि हाड न कापता दिसू लागलं. केवढं मोठं दान होतं ते! पण एक्स-रे म्हणजे अखेर सावली. मांडीच्या हाडाची सावली समजते, ते एकच लांब हाड आहे. पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे, आणि ते वीतभर जागेत एकमेकांत अडकवलेले. सगळ्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. पावलाच्या मधल्या भागातले, लिसफ्रँक नावाने ओळखले जाणारे सांधे निखळले, तर ते पहिल्या एक्स-रेत नजरेतून सुटण्याचं प्रमाण आजही काळजी वाटावी इतकं आहे.

म्हणून मिक्स्ड रिॲलिटीचं मला मनापासून अप्रूप आहे. हा शब्द रूढ झाला तो पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांच्या १९९४ सालच्या लेखामुळे. व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा घातला की भोवतालची खोली नाहीशी होते. सर्जनला ते परवडणार नाही. मिक्स्ड रिॲलिटीच्या चष्म्यातून खोली दिसते, पेशंटचं पाऊल दिसतं, आणि त्याच जागी आतल्या हाडांचं त्रिमित चित्र तरंगताना दिसतं. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २०१६ मध्ये आला, दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये, आणि ऑपरेशन थिएटरमधले कितीतरी प्रयोग याच चष्म्यावर झाले.

चित्र येतं सीटी स्कॅनमधून. स्कॅन म्हणजे पावलाच्या शेकडो पातळ चकत्या. संगणकाच्या मदतीने एकेक हाड, एकेक तुकडा वेगळा करायचा, हवं तर प्रत्येकाला निराळा रंग द्यायचा. मी पहिल्यांदा असं चित्र पाहिलं ते एका फुटलेल्या टाचेचं. तो दबलेला सांध्याचा तुकडा, ज्याच्याबद्दल मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना हातवारे करून सांगत आलो, तो डोळ्यांसमोर हवेत होता. मी त्याच्याभोवती फिरलो, वाकून खालून पाहिलं. तो किती खोल रुतला आहे आणि कोणत्या फटीतून उचलावा लागेल हे तिथेच उमगलं. दुसरी टाच धडधाकट असेल तर तिच्या स्कॅनचं आरशातलं रूप शेजारी ठेवता येतं: मूळ आकार काय होता, ते समोर हजर. माझ्या मते आज या तंत्राचा सगळ्यात खरा उपयोग इथे आहे, चाकू हातात घेण्याआधी.

ऑपरेशन चालू असताना मात्र गोष्ट अवघड होते. चित्र नेमकं हाडावर बसलं पाहिजे, सर्जनने डोकं हलवलं तरी सरकता कामा नये. त्यासाठी हाडात पिना रोवून त्यांवर खुणेची पट्टी लावतात, किंवा हाडावरचे ठरावीक बिंदू टोकदार सळईने दाखवून त्यांची चित्राशी जुळणी करतात. मणक्याच्या बाबतीत हे बरंच पुढे गेलं आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या सर्जनांनी असा चष्मा लावून पेशंटच्या मणक्यात स्क्रू बसवले. मग पावलात का नाही? कारण तुटलेल्या टाचेच्या ऑपरेशनचा हेतूच तुकडे हलवण्याचा असतो. सकाळी स्कॅन काढला, दुपारी मी तुकडा उचलून जागेवर बसवला, की चष्म्यातलं चित्र शिळं झालं! ते अजून जुन्याच जागा दाखवत राहतं. यावर उपाय म्हणजे टेबलावरच नवा स्कॅन काढणं किंवा प्रत्येक तुकड्याचा वेगळा माग ठेवणं. आणि ते तुकडे केवढे, तर नखाएवढे. त्वचेवर खुणा कराव्यात तर पाय सुजलेला असतो आणि खूण हाडावरून घसरते.

डोळ्यांचीही एक गोष्ट आहे. होलोलेन्ससारख्या चष्म्यातलं चित्र डोळ्यांना साधारण दोन मीटरवर स्पष्ट दिसेल अशा बेताने बनवलेलं असतं, आणि सर्जनचे हात असतात जेमतेम अर्ध्या मीटरवर. डोळ्यांना दोन अंतरं एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. ते थकतात, आणि खोलीचा अंदाज चुकू शकतो. थिएटरच्या झगझगीत दिव्याखाली चित्र फिकं पडतं. शिवाय चित्र गडद असेल तर त्याच्यामागे एखादी रक्तवाहिनी वाहत असलेली दिसायची राहून जाईल, याचं मला खरोखर भय वाटतं. तोंडाने सांगून चित्र क्षणात पुसता येतं ही सोय म्हणूनच फार मोलाची, कारण निर्जंतुक हातमोज्यांनी कुठलंही बटण दाबता येत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी वाढणाऱ्या बाकाबद्दलही सांगतो. पुष्कळांना वाटतं तिथे हाड वाढलं. प्रत्यक्षात अंगठ्यामागचं लांब हाड एका बाजूला सरकलेलं असतं आणि बऱ्याचदा स्वतःभोवती फिरलेलंही. त्यासाठी शंभराहून जास्त शस्त्रक्रिया वर्णिलेल्या आहेत. हाड किती अंश फिरवायचं हे उघड्या डोळ्यांनी ठरवणं कठीण असतं, आणि कापण्याचं प्रतल हवेत आखून मिळालं तर मोठी मदत होईल. फक्त स्कॅन उभं राहून काढलेला हवा, कारण वजन पडल्यावर पाऊल निराळंच दिसतं.

उपकरणांचाही भरवसा धरता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये होलोलेन्स २ बनवणं थांबवलं, आणि त्याच्याभोवती उभं केलेलं काम दुसऱ्या चष्म्यावर न्यायची पाळी अनेकांवर आली.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला असं ऑपरेशन सुचवलं गेलं, तर डॉक्टरांना दोन गोष्टी मोकळेपणाने विचारा. हा चष्मा आखणीसाठी आहे की तार घालतानाही? आणि स्क्रू बसल्यावर खात्री कशाने करणार? दुसऱ्या प्रश्नाला तुम्हाला एक्स-रे किंवा स्कॅन हेच उत्तर मिळायला हवं. मी स्वतः टाके घालण्याआधी सी-आर्म पुन्हा टेबलाशी आणायला सांगतो, पाऊल फिरवतो, आणि स्क्रूचं टोक त्या छज्ज्यात बसलंय ना, ते दोन्ही बाजूंनी पाहून घेतो.

नमस्कार.